पाण्यात उतरला एक, हार पडला दुसऱ्याच्या गळ्यात

पत्र असं आलंय (गावाचं नाव आणि ओळख पटेल असं बाकीचं मी काढून टाकलंय):

"ताई, नमस्कार. आम्ही सिन्नर तालुक्यातले. जुलैच्या शेवटी आमच्या शेजारच्या शेततळ्यात दोन भावंडं पडली, मुलगी आठ वर्षांची आणि भाऊ सहाचा. त्यांना माझ्या धाकट्या दिरांनी काढलं. मी पलीकडच्या वावरात सोयाबीन खुरपत होते, आरडाओरडा ऐकून पळत गेले, सगळं डोळ्यांनी बघितलं. आमचे भाऊजी पितात. गावात त्यांना नावानं कमी आणि 'टाकी' म्हणून जास्त ओळखतात. त्यांनी मोटरीचा दोर बाभळीला बांधला, तो धरून तळ्याच्या प्लास्टिकच्या कागदावरून खाली घसरत गेले आणि दोघांना पकडलं. उपसरपंचांचा पुतण्या बुलेटवर चालला होता तो थांबला, त्यानं वरून दोर ओढला. मुलगी श्वास घेत नव्हती. भाऊजींनी तोंडानं तिच्या तोंडात हवा भरली, पूर्वी नाशिकला एका स्विमिंग पूलवर कामाला होते तिथं शिकले होते. तिला उलटी झाली, मग रडली. पुतण्यानं आणखी एका पोराला मागं बसवून दोन्ही लेकरांना दवाखान्यात नेलं, भाऊजी बांधावरच बसून राहिले. संध्याकाळी ग्रुपवर पुतण्याचा फोटो, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी, पंधरा ऑगस्टला शाळेत सत्कार. मुलीनं त्याला राखी पण बांधली. तिचा भाऊ घरात म्हणतो 'टाकीकाकांनी काढलं' तर त्याला गप्प करतात. मी भाऊजींना म्हटलं मी सांगते सगळ्यांना, तर म्हणाले, 'जाऊ द्या वहिनी, माझं नाव निघालं की आधी विचारतील मी तिथं काय करत होतो, आणि मग विचारतील पोरीच्या तोंडाला तोंड का लावलं.' तेव्हापासून रात्री दचकून उठतात, पिणंही वाढलंय. आमचे मालक म्हणतात दारुड्याचं कोण ऐकणार, गप बस. पुढच्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक आहे. कुणीतरी म्हणालं अशा कामाचे सरकार २५ हजार देतं. मी बोलू का गप्प बसू?"

ताई, बोला. पण पेपरवाल्याशी नाही, ग्रुपवर तर अजिबातच नाही, आणि भाऊजींना विचारल्याशिवाय कुणाशीच नाही.

आता जरा निवांत सांगते. तुमचं पत्र सत्काराबद्दल आहे, हार, फोटो, राखी, या सगळ्याचा राग त्यात आहे आणि तो बरोबरच आहे, मलाही वाचताना आला. पण मधे एक वाक्य तुम्ही घाईत लिहून पुढे गेलात आणि मी तिथंच अडकले. मुलगी श्वास घेत नव्हती. ताई, हे दवाखान्यात कुणी सांगितलं? बांधावर जे झालं ते बघणारी तीन मोठी माणसं, भाऊजी, तुम्ही आणि तो पुतण्या. त्यातला दवाखान्यात गेला फक्त पुतण्या. त्यानं 'मी काढलं' असं सांगितलं असेल तर पुढचं काय सांगितलं असेल? श्वास बंद होता आणि कुणीतरी तोंडानं हवा भरून तो चालू केला, हे त्यानं सांगितलं असेल असं मला वाटत नाही, कारण लगेच पुढचा प्रश्न येतो की हवा कुणी भरली. म्हणजे केस पेपरवर बहुतेक असं असेल की पाण्यात पडली होती, लगेच काढली, आता बरी आहे.

याचा फरक पडतो. बुडालेल्या मुलाचा श्वास थांबला होता का, साधारण किती वेळ, त्याला श्वास दिला का, हे डॉक्टर आधी विचारतात कारण त्यावर पुढचं ठरतं. छातीत पाणी गेलेलं असेल तर सुरुवातीला मूल ठीक दिसतं आणि काही तासांनी धाप लागायला लागते, म्हणून अशा मुलांना निदान सहा-आठ तास तरी नजरेखाली ठेवतात, ऑक्सिजन मोजत राहतात, गरज वाटली तर छातीचा फोटो काढतात. तो धोका आता गेला, महिना उलटून गेलाय, त्यामुळे घाबरवत नाहीये. पण मेंदूला काही वेळ ऑक्सिजन कमी पडला असेल तर त्याचं कधीकधी नंतर कळतं, मूल विसरायला लागतं, चिडचिड करतं, शाळेत मागं पडतं, क्वचित झटका येतो. आणि मग घरचे म्हणणार घाबरलीय, नजर लागलीय, कुणाच्या मनातही येणार नाही की त्या दिवसाशी याचा संबंध असेल. म्हणून हे त्या मुलीच्या आईला कळायलाच पाहिजे, आणि आईकडून लहान मुलांच्या डॉक्टरला. यात भाऊजींच्या श्रेयाचा काही प्रश्नच नाही. उद्या ते म्हणाले की मला सात जन्म नाव नको, तरी ही एवढी माहिती त्या पोरीची आहे, ती कुणी खिशात घालून ठेवू शकत नाही. भाऊजींना विचारा असं मी म्हणाले ते नाव घेण्यापुरतं. श्वास बंद होता हे सांगायला मात्र त्यांची परवानगी लागत नाही, गरज पडली तर नाव न घेता सांगा, पण सांगा.

भाऊजींना पटवायचं असेल तर हाच मुद्दा घेऊन बसा. 'तुमचा सत्कार झाला पाहिजे' म्हटलं की ते उठून जातील. 'पोरीच्या डॉक्टरला कळलं पाहिजे' म्हटलं तर ज्या माणसानं त्या पाण्यात स्वतःला सोडलं तो नाही म्हणणार नाही असं मला वाटतं.

त्यांच्या भीतीबद्दल बोलू, कारण ती भीती खोटी नाही. ते तिथं काय करत होते, मला वाटतं आपल्याला दोघींनाही अंदाज आहे, तळ्याकाठी बाभळीखाली दुपारची बाटली घेऊन बसले असतील. बसले म्हणून तर ओरडा ऐकू आला. त्या दिवशी गावातली सगळी शहाणी माणसं आपापल्या कामाला होती. आणि तोंडाला तोंड लावण्याचं म्हणाल तर, आई-बाप कसे घेतील याची धास्ती त्यांना वाटणं साहजिक आहे, पुरुष, त्यात पिणारा, आणि मुलगी आठ वर्षांची, गावात अर्धी गोष्ट कशी पसरते हे आपल्याला नवीन नाही. म्हणूनच ही गोष्ट पूर्ण सांगायची आणि ती सांगायला बाईमाणूस हवं, जिनं ते बघितलं. ते काम तुमचं आहे ताई, दुसरं कुणी करू शकत नाही. तुम्ही त्या आईला असं सांगा की मी समोर होते, तुझी लेक निळी पडली होती, श्वास नव्हता, त्यांनी नाक धरून हवा भरली, मग तिला उलटी झाली आणि ती रडली. आईला एवढं ऐकून दुसरा कुठला प्रश्न पडेल असं मला वाटत नाही.

आणि त्यांनी केलं ते अगदी बरोबर केलं हेही सांगा, म्हणजे कुणी नंतर शहाणपण शिकवायला आलं तर तुमच्याकडे उत्तर असेल. आपल्याकडे बुडालेल्या माणसाला काय करतात, पालथं घालून पोट दाबतात, लहान असेल तर पाय धरून उलटं फिरवतात, की पाणी बाहेर पडू दे. त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी उलट घशात येऊन श्वासात जायची भीती. बुडालेल्याचं मुख्य दुखणं हवा न मिळण्याचं असतं, त्यामुळे त्याला सगळ्यात आधी श्वास द्यायचा, हालचाल नसेल तर छाती दाबायची, आणि दुसऱ्यानं १०८ ला फोन करायचा. भाऊजींनी कुठल्यातरी स्विमिंग पूलवर फरशा पुसता पुसता हे शिकून इतकी वर्षं लक्षात ठेवलं होतं. शिवाय दोर. शेततळ्याचा कागद किती निसरडा असतो ते तुम्हाला मी काय सांगू, वर शेवाळ धरलं की उभं राहता येत नाही, चांगला पोहणाराही कडेला येऊन नखं मारत राहतो आणि दमून बुडतो. अशा बातम्यांत नेहमी असतं ना, एक पडला, वाचवायला दुसरा गेला, दोघंही गेले. ते यामुळे. जो माणूस ओरडा ऐकल्यावर उडी न मारता आधी दोर बाभळीला बांधतो त्याचं डोकं त्या क्षणाला ठिकाणावर होतं, पोटात काहीही असो.

मग गावानं पुतण्यालाच हिरो का केलं? मला नाही वाटत सगळ्यांनी मिळून कट केला. लोकांसमोर दृश्य काय आलं, बुलेट, ओले कपडे, दोन लेकरं, तरणा पोरगा, बडं घर. कुणी विचारलं असेल 'तू आणलंस?' आणि तो 'हो' म्हणाला असेल, आणलं होतंच त्यानं. मग 'तू काढलंस?' झालं. मग फोटो निघाला. फोटो एकदा ग्रुपवर पडला की माणसाला मागे फिरणं अवघड होतं, बातमी आली की आणखी अवघड, आणि पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली श्रीफळ हातात दिल्यावर तर तोंडच शिवलं जातं. रॉबर्ट मर्टन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये शास्त्रज्ञांबद्दल लिहिलं होतं की नाव असलेल्या आणि नाव नसलेल्या दोघांनी सारखंच काम केलं तरी श्रेय आधीच नाव असलेल्याकडे जातं. त्यासाठी कुणाला खोटं बोलावं लागत नाही, ऐकणारेच मनात जुळवून घेतात. 'टाकी'नं लेकरं काढली हे वाक्य गावाच्या कानाला विचित्र लागतं, पुतण्यानं काढली हे लगेच पटतं, एवढंच. आपल्याकडे 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण शिल्लक राहिली कारण जिवा महालाचं नाव घेणारं कुणीतरी होतं, नाहीतर प्रतापगडावर सय्यद बंडाचा वार कुणी अडवला हे आज कुणाला माहीत असतं.

एक मात्र मला तुमच्या पत्रातलं फार टोचलं, सत्कारापेक्षा जास्त. तो सहा वर्षांचा पोरगा खरं सांगतोय आणि त्याला गप्प करतात. त्याच्या घरच्यांना वाटत असेल पोरगं घाबरलंय, काहीतरी बरळतंय. पण त्यानं स्वतः पाण्यातून वर बघताना कुणाचा हात धरला हे त्याला पक्कं माहितीये आणि घरातले सगळे मोठे त्याला सांगतायत की तुला जे दिसलं ते झालंच नाही. लहान मुलाला हे बरं नसतं. आईला भेटाल तेव्हा हेही बोला, की त्याला बोलू द्या, तो खरं बोलतोय. फक्त उद्या त्याला शाळेत उभं करून साक्ष द्यायला लावू नका, तसला प्रकार कुणी सुचवला तर हाणून पाडा.

आता पुतण्या. तुम्हाला त्याचा राग आहे आणि मी त्याची बाजू घेतेय असं वाटेल, वाटू दे. त्यानं दोर ओढला. निसरड्या उतारावरून तिघांचं वजन वर खेचणं हे काही टाळ्या वाजवण्याचं काम नाही, तो थांबला नसता तर भाऊजी दोन लेकरांना धरून दोराला लटकत राहिले असते. आणि दवाखान्यात वेळेत नेलं त्यानंच. म्हणजे हार पूर्ण चोरीचा नाही, अर्धा त्याचा आहे, चूक बाकीच्या अर्ध्याबद्दल गप्प बसण्याची आहे. म्हणून त्याला एकट्याला गाठा. काका नको, मित्र नको, बुलेटवर दिसला की थांबवा आणि सांगा, मी तिथं होते हे तुला माहितीये, मी अजून कुणाला काही बोलले नाही, तूच सांग. त्याला वाक्यही देऊन टाका: 'मी वरून दोर ओढला, पाण्यात ते उतरले.' एवढंच. यात त्याचा अपमान होत नाही, 'मी खोटं बोललो' असं म्हणावं लागत नाही, त्याचा वाटा त्याच्याकडे राहतो. वीस-बावीस वर्षांच्या पोराला माघार घ्यायला दार उघडं ठेवलं नाही तर तो भिंतीला पाठ लावून खोटंच धरून बसेल आणि मग घरचे, पॅनल, सगळे त्याच्या मागे उभे राहतील.

अशानं माणूस लहान होत नाही, याचं एक उदाहरण सांगते, ते आपल्या मुंबईचंच आहे. ६ ऑगस्ट १९८६ ला केईएम हॉस्पिटलमध्ये टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं आणि भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ म्हणून ते जाहीर झालं. त्यामागे होते डॉ. इंदिरा हिंदुजा आणि संशोधक डॉ. टी. सी. आनंद कुमार. पण त्याच्या आठ वर्षं आधी, ३ ऑक्टोबर १९७८ ला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून असंच एक बाळ जन्मलं होतं, जगातल्या पहिल्या अशा बाळानंतर जेमतेम सव्वादोन महिन्यांनी. हाताशी साधनं बेताची. कुणाचा विश्वास बसला नाही. राज्य सरकारनं समिती नेमली, तिनं त्यांचं काम खोटं ठरवलं, त्यांची बदली झाली ती डोळ्यांच्या संस्थेत, आणि १९८१ मध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. पुढे १९९७ मध्ये आनंद कुमार कोलकात्याला गेले असताना त्यांच्या हातात मुखोपाध्यायांच्या हस्तलिखित नोंदी आल्या. त्यांनी त्या वाचल्या, ताडून पाहिल्या आणि लेख लिहून जाहीर केलं की भारतातलं पहिलं काम माझं नाही, या माणसाचं आहे. त्यांना कुणी पकडलं नव्हतं, कुणी कोर्टात खेचलं नव्हतं, ते गप्प बसले असते तरी पाठ्यपुस्तकात त्यांचंच नाव राहिलं असतं. आणि त्यांनी काही चोरलंही नव्हतं, त्यांचं काम त्यांचं होतंच, फक्त 'पहिलं' हा शब्द त्यांचा नव्हता तो त्यांनी परत केला. मुखोपाध्यायांना मात्र ते बघायला मिळालं नाही. तुमचे भाऊजी आहेत, पलीकडच्या खोलीत आहेत, हा फरक लक्षात घ्या आणि फार लांबवू नका.

पुतण्या नाहीच म्हणाला तर? तर वाद घालू नका, निघून या. आईला तुम्ही सांगितलेलं असेलच, पुढचं तिच्यावर सोडा. ज्या बाईची लेकरं वाचलीत तिनं उद्या चार बायकांत म्हटलं की माझ्या पोरांना यांनी काढलं, तर त्यापुढे पेपरची बातमी किती टिकते ते बघा. आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तिनं स्वतःहून उभं राहून दोन वाक्यं बोलली आणि ती इतिवृत्तात लिहून घेतली तर उत्तमच, पण तिनं स्वतःहून. तुम्ही ढकलायचं नाही.

निवडणुकीचं म्हणालात ते बरं केलंत. एक गोष्ट नक्की होणार, तुम्ही तोंड उघडलंत की उपसरपंचांच्या विरोधातलं पॅनल तुमच्या दारात येईल. आजवर ज्यांनी भाऊजींना पारावर बसू दिलं नाही तेच 'खऱ्या वीराचा' फ्लेक्स लावतील, त्यांना स्टेजवर चढवतील, आणि निकाल लागला की पुन्हा 'टाकी'. त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा. खरी गोष्ट एकदा का एका पॅनलची झाली की दुसरं पॅनल ती खोटी ठरवणार, मग आईलाही बोलता येणार नाही.

२५ हजारांचं तुम्हाला ज्यांनी सांगितलं त्यांची गल्लत झालीय. ती राहवीर योजना, रस्ते अपघातात गंभीर जखमी झालेल्याला पहिल्या तासाभरात दवाखान्यात पोचवणाऱ्यासाठी आहे. २०२१ मध्ये ती ५ हजारांची होती, २०२५ मध्ये रक्कम २५ हजार केली. पाण्यात बुडालेल्याला वाचवणं त्यात बसत नाही. तुमच्यासाठी वेगळं आहे, जीवन रक्षा पदक, केंद्र सरकारचं, १९६१ पासून देतात, बुडणं, आग, अपघात, विजेचा धक्का अशा प्रसंगात स्वतःचा जीव धोक्यात घालून दुसऱ्याचा वाचवला तर. त्यात तीन पायऱ्या आहेत, सर्वोत्तम, उत्तम आणि नुसतं जीवन रक्षा पदक, आणि रक्कम अनुक्रमे २ लाख, दीड लाख आणि १ लाख. जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करायचा, तिथून प्रस्ताव राज्य सरकारमार्फत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो, यादी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास जाहीर होते. घटना साधारण दोन वर्षांच्या आतली लागते त्यामुळे तुमच्याकडे वेळ आहे, आजच पळत सुटायची गरज नाही. चौकशी होते, साक्षीदारांचे जबाब होतात. आणि हेही खरं की याच पदकासाठी पुतण्याचं नाव कुणी पाठवलं तर तुम्हाला मग गप्प बसता येणार नाही, हे त्याला बोलता बोलता सांगून ठेवा, धमकीच्या सुरात नको. मिळेलच असं मी सांगत नाही, देशभरातून अर्ज येतात. आणि भाऊजी नको म्हणाले तर अर्ज नको, त्यांच्या पाठीमागे फॉर्म भरू नका.

एवढं सगळं झालं तरी मला सगळ्यात जास्त काळजी तुमच्या पत्राच्या शेवटाकडच्या ओळीची आहे. रात्री दचकून उठतात, पिणं वाढलंय. लोकांना वाटतं जीव वाचवला की माणूस खुशीत असतो. तसं नसतं. हातात न हलणारं लेकरू धरलेलं असतं, काही क्षण ते गेलंय असंच वाटलेलं असतं, ते डोक्यातून जात नाही. अग्निशमन दलातल्या, रुग्णवाहिकेवरच्या माणसांना हे होतं आणि त्यांच्याशी बोलायला निदान आजूबाजूला त्याच धंद्यातली चार माणसं असतात. भाऊजींशी कोण बोललं? कुणीच नाही, कारण गावाच्या लेखी त्यांनी काही केलंच नाही. त्यांनी कुणाला सांगावं की मला ती पोरगी दिसते? म्हणून एका रात्री शांतपणे त्यांच्याकडून सगळं ऐकून घ्या, सल्ला न देता, मधे दारूचा विषय न काढता. टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात, त्यांना फोन लावून द्या. नाही बोलले तर तुम्ही स्वतः बोला आणि घरच्यांनी कसं वागायचं ते विचारून घ्या.

दारूबद्दल एकच सांगते आणि थोडं स्पष्ट सांगते. तुमच्या पत्रातून मला असं वाटलं की एकदा सत्कार झाला, मान मिळाला, की भाऊजी सुटतील, सासूबाई आणि तुमचे मालक त्यांच्याकडे वेगळ्या नजरेनं बघतील, अशी तुमची आशा आहे. चांगली आशा आहे पण तिचा भार त्या दोरावर टाकू नका. हारानं दारू सुटत नाही. पुन्हा प्यायले तर तेच लोक म्हणतील 'बघा, सत्कार केला तरी हा असाच', आणि त्यांनी लेकरं काढली होती हेसुद्धा मग खोटं वाटायला लागेल. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, ते पितात आणि त्यांनी दोन जीव वाचवले. सोडायची त्यांची तयारी झाली तर रोज पिणाऱ्यानं एकदम घरच्या घरी बंद करायची नाही, थरथर, भास, झटके येऊ शकतात, डॉक्टरच्या देखरेखीखालीच करायची. पुण्यात मुक्तांगण आहे, १९८६ पासून हेच काम करतात, आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मराठीतल्या मीटिंगा फुकट असतात, नाशिकला चौकशी करा.

तळ्याच्या मालकाकडे पण जाऊन या, आणि तिथं भाऊजींना सोबत न्यायला हरकत नाही, त्यांच्याइतकं ते तळं कुणाला कळलेलं नाही. तळं ३० बाय ३० मीटरचं आणि ३ मीटर खोल असलं तरी मोठा माणूस बुडायला पुरतं. चारी बाजूंना गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडायचा, वर पक्क्या खुंटीला बांधलेला, दोन हवा भरलेल्या जुन्या ट्यूबा पाण्यात सोडायच्या, आणि लेकरं जातात त्या बाजूला तरी जाळीचं कुंपण घालायचं. हजारांत होणारं काम आहे. ते तळं अजून तसंच उघडं आहे का हे तुम्ही लिहिलं नाहीत, माझा अंदाज आहे की तसंच असेल, कारण सगळं गाव सत्कारात होतं.

तुमचे मालक म्हणतात दारुड्याचं कोण ऐकणार. त्यांना म्हणा, ऐकायचंय ते माझं, मी तर पीत नाही ना. आणि आज जेवणं उरकली की वही घेऊन बसा, त्या दिवशी काय बघितलं ते क्रमानं लिहून काढा, वेळ, दोर कुठे बांधला, आधी कुणाला काढलं, पोरगी किती वेळानं रडली, तिथं आणखी कोण आलं, खाली तारीख आणि सही. दोन-चार महिन्यांनी आठवणीत भलतंच मिसळायला लागतं आणि जबाब द्यायची वेळ आली तर तेव्हा लागेल. त्या मुलीच्या आईकडे मात्र उद्याच जा, दुपारची, घरात पुरुष माणसं नसतील तेव्हा.